उसनी माती

कारंजाच्या बसस्टँडवर मानोऱ्याकडून गाडी आली की त्यात एखादं गाठोडं माझ्या नावाचं असतं. माझ्या आईकडे मोबाईल आहे, पण तिचा खरा भरवसा एसटीच्या ड्रायव्हरवर. जुन्या लुगड्याच्या फडक्यात ती काहीबाही बांधते, ड्रायव्हरच्या पायाशी ठेवते आणि मग मला फोन करून ओरडते, "गाडी निंगाली, जाऊन घेजो." जणू गाडीत तीच बसली आहे.

गेल्या आषाढात आलेल्या गाठोड्यात अंबाडीची पानं होती, मोहाची वाळवलेली फुलं होती, आणि सगळ्यात खाली, वेगळ्या फडक्यात, तव्यावर भाजलेले पांढऱ्या मातीचे खडे. ते माझ्या बायकोसाठी होते. रीताला दिवस गेले होते आणि तिला मातीचे डोहाळे लागले होते.

"लोक परीक्षेत माती खातात," मी म्हणालो, "तू जेवणावर खातेस."

"तुमी नका खाऊ," ती म्हणाली. "नव्या मडक्यावानी लागते." आणि एक खडा दाताखाली कडकन फोडला.

डॉक्टरबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या आणि माती बंद म्हणून दटावलंही होतं. रीता गोळ्याही खायची आणि मातीही खायची. मी कानाडोळा केला. आमच्याकडे पोटुशी बाईला माती पाठवणं म्हणजे सासूची माया. ती नाकारून मी कोणाचं भलं करणार होतो?

मी किशन. रस्त्याच्या ठेकेदाराकडे अभियंता आहे. डोंगर कापून रस्ता काढला की कापलेली बाजू कुठे ढासळेल, तिथे किती उतार ठेवायचा, पाणी कुठून काढायचं, हे माझं काम. आम्ही बंजारा. आईला आम्ही याडी म्हणतो. घरात गोरमाटी बोलतो, पण इथे आमचं बोलणं मी वऱ्हाडीत लिहितो आहे. बाजारात आणि बाहेरच्यांशी आम्ही तेच बोलतो.

आमचा सोमला नाईकाचा तांडा इंझोरीच्या पुढे, डांबरी सोडून आत आहे. मावळतीला बरड चढत जाते, म्हणजे दगडगोट्यांचा उतार, त्यावर सागाची झाडं. उगवतीला खाली नाला. मधल्या पट्टीत आमची घरं. बरडीच्या कमरेला पांढऱ्या मातीची खाण आहे. वर काळा पाषाण, खाली काळा पाषाण, आणि मधे हा पांढरा थर. कोरडा असला की खडूसारखा, ओला झाला की साबणासारखा. तांड्यातल्या सगळ्या भिंती त्याच मातीने सारवलेल्या.

खाणीवर माती आणायला बायकाच जातात. दिवाळीच्या आधी, ऊन पडल्यावर. तोंडाशी बसून मोठ्याने म्हणायचं, "उसनी देजो, परत आणून देऊ," आणि मग कुदळ लावायची. दुसऱ्या वर्षी नवा थर द्यायच्या आधी भिंतीचे जुने पोपडे खरवडून ते घमेल्यात भरून खाणीत नेऊन टाकायचे. लहानपणी हे पोपडे डोक्यावरून वाहायचं काम माझ्याकडे असायचं, आणि मला ते शुद्ध वेडेपणाचं वाटायचं. पुढे घरकुलं आली, सिमेंट आलं. घेणारे घेत राहिले, परत करणारे कमी झाले. याडी मात्र करायची.

आषाढ संपताना माझ्या धाकट्या भावाचा, बादलचा, फोन आला. तो तांड्यातच राहतो, शेती करतो.

"दादा, बरडीले भेग पडली. खाणीच्या वर. येऊन पाय ना एकडाव."

रविवारी मोटरसायकल घेऊन गेलो. भेग लांबलचक होती, उताराला आडवी. बादलने आत हात घातला तर कोपरापर्यंत गेला. मी वर-खाली फिरून पाहिलं. सागाची खोडं बुंध्याशी कोपरासारखी वाकून मग वर सरळ गेली होती. हे पुस्तकातलं चित्र आहे. जमीन खाली सरकते, झाड तिच्याबरोबर कलतं, मग उजेडाकडे पुन्हा ताठ व्हायला बघतं. नख वाढतं तितक्या संथपणे प्रत्येक टेकडी उतरत असते, हे मी कामावरच्या पोरांना कौतुकाने सांगत आलो आहे. पण भेग पडली की ते संथपण संपायला आलं असं समजायचं.

उताराच्या दोन्ही टोकांना पक्का पाषाण उघडा पडलेला होता. या खडकापासून त्या खडकापर्यंत नजर लावून मी सळया ठोकल्या, एका रेषेत, लाल रंगाची डोकी. पुढच्या रविवारी येऊन नजर लावली तर टोकाच्या सळया जागेवर होत्या आणि मधल्या उगवतीकडे, नाल्याच्या बाजूला, पुढे गेल्या होत्या. रेषेला पोट आलं होतं.

"धोका हाय का?" बादलने विचारलं.

"हाय," मी म्हणालो. "घरं खाली करा लागतीन."

"पिकं सोडून कुठी जाईन लोकं?" तो म्हणाला. मी तहसीलात आणि ओळखीच्या अधिकाऱ्यांना फोन केले. सगळे नीट बोलले. पाहणी होईल म्हणाले.

त्या दिवशी याडीच्या घरात चहा घेताना माझं लक्ष भिंतीकडे गेलं. दाराच्या डाव्या भिंतीचं सारवण वरून उतरलं होतं. छताशी हातभर काळी माती उघडी, आणि खाली जमिनीलगत पांढऱ्याचा जाड थर साचलेला, गुडघ्याएवढा. ओल धरली असेल, असं मी म्हणालो. पण सारवण ओलं नव्हतं. बोटाने दाबून पाहिलं तर कोरडं आणि घट्ट होतं. वरच्या भागात याडीने दिवाळीला उमटवलेले पंजे होते, ते आता माझ्या कमरेशी आले होते. एकही फाटला नव्हता. आणि ते नुसते खाली आले नव्हते, दाराच्या दिशेने, उगवतीकडे, तिरपे गेले होते.

कोनाड्यात मागच्या पोळ्याचे मातीचे बैल होते. सगळे कडेशी, पुढचे पाय अधांतरी.

"पडतीन थे," मी म्हणालो.

"रोज मांगं ठेवतो म्या," याडी म्हणाली आणि उठून एकेकाला आत सारलं. तिने ते इतक्या सहज केलं, जणू कोंबड्या डालत होती. मी चहा संपवला आणि निघालो. कापलेल्या डोंगरातल्या भेगा शोधणारा माणूस मी, त्या भिंतीकडे मी पुन्हा पाहिलं नाही.

आमच्या कारंजाच्या घराला लागून लतीफाभाभीचं घर आहे. ती शिवणकाम करते. रीताचे जुने कपडे होईनात म्हणून ती एका दुपारी मॅक्सी बेतायला आली. मी जेवायला घरी होतो. भाभी जमिनीवर बसून खालची पट्टी सारखी करत होती, तोंडात टाचण्या.

"रीताताई, सीध्या उभ्या राहा ना."

"सीधीच तर हावो."

भाभीने पट्टी सोडली, पुन्हा धरली. एका बाजूला कापड फरशीला टेकत होतं, दुसऱ्या बाजूला घोटा दिसत होता. तिने टाचण्या लावून ते बरोबर केलं. मग म्हणाली, "आता पलटा." रीता मागे फिरली. आता भाभीने उचललेली बाजू आणखी वर गेली होती आणि दुसरी फरशीवर लोळत होती.

भाभीने माझ्याकडे पाहिलं. "किशनभाई, फरशी तिरपी हाय काय तुमची?"

फरशी तिरपी होतीच. मोरीकडे, मावळतीला, पाणी जावं म्हणून घरमालकाने उतार ठेवलेला. मी पाण्याची नळी लावून खात्री करून घेतली. रीता कलत होती ती उलट, चढाच्या बाजूला. ती कुठेही तोंड करून उभी राहिली तरी तिची उगवतीकडची बाजू खाली.

मी डॉक्टरबाईंना विचारलं. पोट वाढलं की तोल बदलतो, सगळ्याच बायका तशा चालतात, त्या म्हणाल्या. खरं होतं. रीता चालायची तशीच, फक्त बाजारात जाताना गल्लीच्या डाव्या हाताच्या कडेला लागायची आणि येताना उजव्या हाताच्या. नालीत पाय जाऊ नये म्हणून मी नेहमी उगवतीच्या बाजूने चालू लागलो. पलंगावरही तीच बाजू मी घेतली. सकाळी जाग यायची तेव्हा मी कडेला चेपलेलो असायचो आणि तिचा सगळा भार माझ्या पाठीवर. धुऱ्याला, म्हणजे बांधाला, वावरातली माती येऊन टेकते ना, तसा.

तांडा कारंजाच्या दक्षिणेला आहे. ती तांड्याकडे ओढली जात असती तर कदाचित मी ते सासरच्या ओढीवर ढकललं असतं. ती तांड्याकडे जात नव्हती. टेकडी जिकडे चालली होती, तिकडे ती जात होती.

हे मला एकदम कळलं असं नाही. श्रावणात कारंजाला लख्ख उघडीप होती आणि त्याच आठवड्यात रीता दोनदा दाराच्या चौकटीवर आदळली. रविवारी गेलो तर बादल म्हणाला, आमच्याकडे पावसानं जीव नकोसा केला. सळया त्या आठवड्यात सगळ्यात जास्त पुढे गेल्या होत्या. पुढे तिकडे ऊन पडलं, सळया थांबल्या, आणि रीता सरळ चालू लागली. लतीफाभाभीने पट्टी पुन्हा उसवली. मग तिकडे पुन्हा झड लागली. कारंजात एक थेंब नसताना मी आकाशाकडे बघायचं सोडून बायकोच्या मॅक्सीकडे बघू लागलो.

एका दुपारी मी तिला विचारलंच. "तुले ओढल्यासारखं वाटते का?"

ती शेंगा सोलत होती. खाली बघूनच म्हणाली, "नाई. मले वाटते का मी जाग्यावरच हावो. घरच मांगं मांगं जाऊन राह्यलं." मग तिने मान वर केली. तिचे डोळे भरले होते. "तुमी बी."

मी तिचे हात धरले आणि शेंगांचं सूप खाली पडलं तरी सोडले नाहीत.

तिला कामरगावला माहेरी नेलं. जागा बदलून पाहावी, दुसरं काय. तिच्या वडिलांचं तिथे किराणा दुकान आहे. तिची आई म्हणाली, पोरीला भोवळ येते, भिंतीला धरून बसते. उगवतीच्या भिंतीला. मी तिला परत आणलं.

पुढचा रविवार येण्याआधीच मी रजा टाकून तांड्यावर गेलो. याडी अंगणात ज्वारी पाखडत होती.

"याडी, रीताले कोनती माती धाडली होती?"

सूप थांबलं. "काहून?"

"सांग ना."

"खाची माती नाल्याच्या काठाची असते," ती म्हणाली. "औंदा नाला दुथडी भरला. काठावर जाताच नाई आलं. पोरीचा जीव तरसून राह्यला, असं बादल म्हने. मंग म्या खाणीतून आनली. एवढीशी तर होती."

"मंग? खाणीची खाल्ली तर काय होते?"

"खाणीची खाची नसते. लावाची, अन् परत कराची."

"पन काहून?"

"काहून म्हंजे?" ती माझ्यावर खेकसली. "उसनी हाय ना थे."

मी खोदून खोदून विचारलं. तिलाही यापलीकडे माहीत नव्हतं. तिच्या सासूने तिला एवढंच सांगितलं होतं, सासूला तिच्या सासूने. मी शिकलेला माणूस, मी तिच्यावर संतापलो. अशा गोष्टीवर संतापतोय याचीही लाज वाटली. तिने सूप बाजूला ठेवलं. शेवटी म्हणाली, "पोटातली आता कशी परत करन रे?"

त्याच दिवसापासून तिने घराच्या भिंती खरवडायला घेतल्या. खुरपं घेऊन वरपासून खालपर्यंत. पोपडे, चूल, कोनाड्यातले बैल, सगळं घमेल्यात घालून ती खाणीत नेऊन टाकू लागली. तांड्यातल्या म्हाताऱ्या आधी बघत राहिल्या, मग त्यांनीही घरं खरवडली. भर दुपारी बायकांची रांग बरड चढताना दिसायची. डोक्यावर घमेली, आणि चालताना सगळ्यांची मान एकाच बाजूला कललेली.

मी माझ्या परीने केलं. भेगेच्या वर आडवा चर खणला, पाणी बाजूच्या ओढ्यात काढून दिलं. भेगेवर शेडनेटवाल्याकडून आणलेलं प्लास्टिक अंथरून त्यावर दगड ठेवले. उतारावर पाणी मुरू दिलं नाही तर उतार थांबतो, हे शंभर जागी सिद्ध झालेलं आहे. मी आणि बादल दर सुट्टीला चिखलात राबत होतो. तांड्यातले लोक म्हणायचे, किशन साहेब झाला तरी गाव नाही विसरला. मला कोणाचंच घर वाचवायचं नव्हतं. मला ती टेकडी फक्त रीताच्या बाळंतपणापर्यंत जागेवर बसायला हवी होती. ढिगारा एकदम निसटतो तेव्हा त्याचा वेग काय असतो ते मी कामावर पाहिलेलं आहे. आणि त्या वेळी रीता कुठे असेल, तिचं काय होईल, हे सांगणारं एकही पुस्तक मी वाचलेलं नव्हतं.

पोळा झाला. तांड्यात त्या वर्षी कोणी मातीचे बैल केले नाहीत. मग भाद्रपदात, सर्वपित्रीच्या मागेपुढे, तिकडे जी झड लागली ती उघडेचना. बादलने लोकांना शाळेच्या खोल्यांत हलवलं. याडी हलली नाही. रीताला कळा सुरू झाल्या आणि मी तिला कारंजाच्या एका दवाखान्यात नेलं.

सकाळ होती. वॉर्डात उजेड होता, कोणाचा तरी नातेवाईक पोहे खात होता. रीताचा पलंग मी मुद्दाम फिरवून घेतला होता, उगवतीकडे कठडा येईल असा. नर्स दोनदा येऊन म्हणाली, "बाई, मधी सरका ना. पडसान." मी रीताला मधे घ्यायचो. चादरीला हळूहळू चुण्या पडायच्या आणि ती पुन्हा कठड्याला लागायची.

फोन वाजला. बादल.

"दादा, बरड बोलून राह्यली."

"म्हंजे?"

"ऐक." त्याने फोन पुढे धरला. पावसाच्या आवाजामागे काहीतरी तटातट तुटत होतं. सागाची मुळं असणार.

"याडी कुठी हाय?"

"अंगणात बसून हाय. उठतच नाई. म्हने मी इथं असली तं थे थांबन."

"उचलून ने तिले!"

फोन तुटला.

रीताने माझं मनगट धरलं. "धरून ठेवा मले," ती म्हणाली.

मी पलंगाच्या उगवतीच्या बाजूला गेलो, कठडा आणि तिच्या मधे दोन्ही हात घातले, आणि पाय भिंतीला लावून रेटा दिला. तिच्याकडून येणारा जोर मोठा नव्हता. एखादं म्हातारं जनावर अंगाला टेकून उभं राहावं तेवढाच. फक्त तो थकत नव्हता.

मी थकत होतो.

पलंगाच्या चाकांना खिटी लावलेली होती. चाकं फिरली नाहीत. फरशीवर किरकिर आवाज झाला आणि पलंग भिंतीच्या दिशेने बोटभर सरकला. पोहे खाणारा माणूस वर बघू लागला.

"काय करून राह्यले भाऊ?" त्याने विचारलं. त्याला वाटलं मीच सरकवतोय.

मग नर्स आल्या आणि त्यांनी तिला माझ्या हातातून सोडवून बाळंतपणाच्या खोलीत नेलं. दार बंद झालं. दार मावळतीला होतं. तिला चाकांच्या गाडीवरून नेताना तीन बायकांना ढकलावं लागलं, आणि त्यांतली एक म्हणाली, "ही गाडी खराब झाली वाटते."

मी बाहेर उभा राहिलो. माझ्या हाताला मुंग्या आल्या होत्या. मी चर खणून बसलो होतो, प्लास्टिक अंथरून बसलो होतो, आणि आता एका बंद दारासमोर उभा होतो. देवाला काय म्हणायचं तेही सुचलं नाही. तोंडातून आपोआप निघालं ते एवढंच, परत देतो, परत देतो.

फोन पुन्हा वाजला. मी कानाला लावला. आधी जात्यासारखी घरघर ऐकू आली, मग एक लांब, जड आवाज, पोती ओतल्यासारखा. तो थांबला.

आत कोणीतरी ओरडलं.

मग शांत.

मग बाळ रडलं.

"दादा," बादल म्हणाला. तोही रडत होता. "थांबली. आंगनापाशी येऊन थांबली. याडीच्या पायापाशी."

नर्सने दार उघडलं. पोरगी झाली होती. मी आत डोकावलो. रीता डोळे मिटून पडली होती, पलंगाच्या अगदी मधोमध. चादरीला एकही चुणी नव्हती.

तांड्यात कोणाचा जीव गेला नाही, एक शेळीसुद्धा नाही. लोकांनी पेढे वाटले. माझ्या चरामुळे ढिगारा वळला असं ठरलं आणि इंझोरीच्या चौकात माझा शाल-नारळ देऊन सत्कार झाला. मी हात जोडले. दुसऱ्या दिवशी बरडीवर जाऊन पाहिलं. माझ्या सळया ढिगाऱ्याखाली गेल्या होत्या. खालचा अर्धा उतार घसरून आला होता. वरचा अर्धा तसाच होता, आणि त्याच्या डोक्याला नवी भेग होती. मी नव्या सळया ठोकल्या.

याडी नात पाहायला कारंजाला आली. या वेळी हात रिकामे होते. उंबऱ्याबाहेर बसून तिने पाय धुतले, नखांतली माती काडीने काढली, लुगड्याचा काठ झटकला, मग आत आली. पोरीला मांडीवर घेऊन खूप वेळ तिच्याकडे पाहत राहिली. नाव तिनेच ठेवलं, पौर्णिमा. जाताना मला म्हणाली, "तिच्या पोटात माती नाई ना गेली?" मी नाही म्हणालो. माती पोटात गेली नव्हती. पोरगीच त्या मातीतून वाढली होती, हे याडीला कोण सांगणार? आपलेच दात आपलेच ओठ.

रीता आता बरी आहे. सरळ चालते, सरळ झोपते. लतीफाभाभीने तिला दिवाळीचा नवा ड्रेस शिवला तेव्हा खालची पट्टी एका खेपेत बरोबर आली. दोघी हसल्या. मीही हसलो.

आम्ही छताच्या कडीला साडीची झोळी बांधली आहे. रिकामी असली की ती सरळ लोंबते. पौर्णिमाला आत ठेवलं की झोळी हळूच उगवतीकडे जाते आणि तिथेच, वारा नसताना, तिरपी थांबून राहते. पोरगी गाढ झोपलेली असते. भिंतीला लागू नये म्हणून रीताने झोळीला एक सुताची दोरी बांधून ती मावळतीच्या खिडकीच्या गजाला अडकवली आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटतं झोका द्यायला बांधली असेल. ती कोणी ओढत नाही. ती ताणलेलीच असते.

काल दुपारी लतीफाभाभी आली होती. बोलता बोलता तिने त्या दोरीवरून बोट फिरवलं आणि मधेच थांबली. उठून घरी गेली आणि नायलॉनची जाड दोरी घेऊन आली. आम्ही तिघांनी मिळून ती बांधली, कारण जुनी विरत आली होती.